ढगाआड दडलेले डोंगर: लहान विमाने आणि हेलिकॉप्टर का आदळतात?

वातकुक्कुट

डोंगराळ मुलखात एखादे लहान विमान किंवा हेलिकॉप्टर पडले, की बातमीत ‘खराब हवामानामुळे’ हे दोन शब्द येतात आणि विषय तिथेच मिटतो. मला हे दोन शब्द नेहमीच अपुरे वाटत आले आहेत. वीज पडली, वादळात पंख मोडला, असे या अपघातांत क्वचितच घडलेले असते. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असते, इंजिन चालू असते, टाकीत इंधन असते, सुकाणू वैमानिकाच्या हातात असते, आणि तरीही विमान सरळ जाऊन कड्यावर आदळते. आत बसलेल्यांना शेवटच्या दोन-चार सेकंदांपर्यंत काही वावगे घडते आहे याचा पत्ताही नसतो. तपासाच्या परिभाषेत याला ‘सीएफआयटी’ म्हणतात, म्हणजे पूर्ण ताब्यात असलेले विमान नकळत भूभागावर आदळणे. याचे एक सख्खे भावंडही आहे: ढगात शिरल्यावर वैमानिकाला वर-खालचे भान राहत नाही, विमान कलंडते आणि ताबा सुटून खाली येते. अहवालात या दोहोंचे रकाने वेगळे असले तरी दोन्हींत शिरण्याचा दरवाजा एकच असतो. डोळ्यांनी बघत उडणारा वैमानिक, डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी जाऊन पोहोचलेला असतो.

मी पूर्वी हौसेने एका इंजिनाची विमाने उडवत असे, आता वयोमानाने ते थांबवले आहे. त्यामुळे पुढचे काही अनुभवाचे आहे, तर बरेचसे तपास-अहवाल वाचून आलेले आहे.

उड्डाणाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वैमानिक बाहेर पाहून, क्षितिज आणि जमीन नजरेत ठेवून उडतो, तिला ‘व्हीएफआर’ म्हणतात. दुसरीत तो समोरच्या तबकड्यांवर विसंबून, ठरलेल्या मार्गाने आणि ठरलेल्या उंचीवरून जातो, ती ‘आयएफआर’. मोठी प्रवासी विमाने जवळजवळ नेहमी दुसऱ्या पद्धतीने जातात. लहान विमाने आणि हेलिकॉप्टर मात्र पुष्कळदा पहिल्या पद्धतीने जातात, कारण त्यांना दरीतून, खिंडीतून, कमी उंचीवरून जायचे असते आणि तिथे उपकरणांच्या उड्डाणासाठी आखलेले मार्ग सहसा नसतातच. व्हीएफआरसाठी आंतरराष्ट्रीय नियमात १०,००० फुटांखाली साधारण ५ किलोमीटर आणि त्यावर ८ किलोमीटर दृश्यमानता लागते. नियंत्रित हवाई क्षेत्रात ढगापासून आडवे १,५०० मीटर आणि उभे १,००० फूट अंतर ठेवावे लागते. जमिनीलगतच्या अनियंत्रित क्षेत्रात मात्र ढगाबाहेर असणे आणि जमीन दिसत असणे पुरते. सगळी गंमत, किंवा गंमत हा शब्द इथे शोभत नाही, सगळा घोळ या शेवटच्या सवलतीत होतो. दृश्यमानता मोजायला तिथे कुणी बसलेले नसते. ५ किलोमीटरची ४ झाली, ४ ची ३ झाली, हे वैमानिकाने स्वतःच्या नजरेने ठरवायचे असते, आणि ज्याला पलीकडे पोहोचायचे आहे त्याची नजर उदार असते.

२६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील कॅलाबासस इथे झालेला अपघात यासाठी मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊ जण त्यात गेले. सिकोर्स्की एस-७६बी हेलिकॉप्टर खालच्या ढगांखालून, महामार्गाच्या कडेकडेने चालले होते. पुढे टेकड्या चढत गेल्या आणि ढग मात्र तिथेच राहिले, म्हणजे मधली फट मिटत गेली. तेव्हा वैमानिकाने ढग भेदून वर निघायचे ठरवले आणि ४,००० फुटांवर चढत असल्याचे नियंत्रकाला कळवले. हेलिकॉप्टर ढगांच्या माथ्याच्या अगदी जवळ पोहोचले होते. तिथे ते डावीकडे कलत गेले आणि वेगाने खाली येऊ लागले. त्या उतरणीतच नियंत्रकाने विचारले असता वैमानिकाने आपण ४,००० फुटांकडे चढत आहोत असेच सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या शरीराला खरोखरच आपण चढतो आहोत असे वाटत होते. त्याच्याकडे उपकरणांवर उडण्याची पात्रता होती, पण त्या कंपनीला मात्र केवळ व्हीएफआर उड्डाणांचीच परवानगी होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, ढगात शिरण्याचा निर्णय आणि त्यातून आलेला दिशाभ्रम ही कारणे दिली, आणि वैमानिकाने स्वतःवर ओढवून घेतलेला दबाव व ठरलेला बेत पुढे रेटण्याची वृत्ती यांचाही उल्लेख केला.

अवशेष जिथे सापडतात त्याच्या दहा-पंधरा मिनिटे अलीकडेच अपघात घडून गेलेला असतो, असे माझे मत आहे. तो घडतो कसा, यावर इथल्या जाणकारांनी भर घालावी.

अनभिज्ञ_प्रवासी

लेख आवडला. माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. समोर ढग आला आणि आत डोंगर असण्याची शक्यता आहे हे ठाऊक असेल, तर वैमानिक सरळ वर का जात नाही? किंवा आल्या वाटेने मागे का वळत नाही?

वातकुक्कुट

प्रश्न बाळबोध मुळीच नाही; याच दोन प्रश्नांची उत्तरे न काढता दरीत शिरलेले वैमानिक पुष्कळ आहेत.

आधी वर जाण्याचे पाहू. जसजसे उंच जावे तशी हवा विरळ होते आणि साध्या पिस्टन इंजिनाची ताकद घटते. चार आसनी भरलेले विमान ९,०००-१०,००० फुटांवर मिनिटाला जेमतेम ३०० फूट चढते, उन्हाळ्यात तेवढेही नाही. ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर वेगाने ते त्याच एका मिनिटात सुमारे पावणेतीन किलोमीटर पुढे जाते. म्हणजे पावणेतीन किलोमीटरला ९० मीटर, शेकडा साडेतीनही नाही एवढा चढ. समोरची डोंगराची उतरण ३० अंशांची असेल तर तिचा चढ शेकडा ५७ च्या वर जातो. जमीन विमानापेक्षा कितीतरी वेगाने चढते आणि लांबून ते कळत नाही, कारण दरीचा तळही हळूहळू वर येत असतो आणि आपण सपाट उडतो आहोत असे डोळ्यांना भासत राहते. त्यात वारा डोंगराच्या पलीकडून येत असेल, तर खिंडीच्या अलीकडे हवेचा प्रवाह खाली कोसळत असतो आणि तो मिनिटाला ३०० फूट सहज खाऊन टाकतो. थंडीत ढगात शिरले तर पंखांवर बर्फ जमते, ते निराळेच.

आता मागे वळण्याचे पाहू. १०० नॉट वेगाने ३० अंश कलून वळले तर अर्धवर्तुळ पुरे करायला साधारण ९३५ मीटर रुंदी लागते. हे समुद्रसपाटीचे गणित झाले. १०,००० फुटांवर तबकडीवर तेच १०० नॉट दिसत असताना हवेतला खरा वेग १२० च्या आसपास असतो, आणि वळणाची रुंदी वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती सव्वा किलोमीटरच्या वर जाते. ४५ अंश कलून वळले तर कमी जागेत भागते, पण कमी उंचीवर, घाबरलेल्या अवस्थेत, बाहेर क्षितिज दिसत नसताना तसे वळणे म्हणजे विमान हातातून घालवण्याची तयारीच. म्हणून दरीत मधोमध उडू नये, एका कडेला धरून उडावे असे शिकवतात. वळायची वेळ आली तर अख्खी रुंदी हाताशी राहते. नवखा वैमानिक मात्र दोन्ही कड्यांपासून सारखा लांब राहण्यासाठी नेमका मधोमध जातो आणि वळायला निम्मीच जागा शिल्लक ठेवतो.

आणखी एक हिशेब. १०० नॉट म्हणजे सेकंदाला ५१ मीटर. दृश्यमानता दीड किलोमीटरवर आली असेल तर समोरचा कडा दिसल्यापासून आदळेपर्यंत ३० सेकंदही मिळत नाहीत. जे दिसते आहे तो कडाच आहे, अधिक दाट धुके नाही, हे ओळखण्यातच त्यातली काही जातात.

शंखकर्ण

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, विमानातले मला काही कळत नाही. पण ‘त्याच्या शरीराला खरोखरच आपण चढतो आहोत असे वाटत होते’ या वाक्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्या अंतर्कर्णात एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके फिरले की नलिका फिरते, द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्या फरकावरून मेंदूला फिरण्याची खबर मिळते. या व्यवस्थेत दोन उणिवा आहेत. फिरणे अगदी सावकाश सुरू झाले तर ती खबर निघतच नाही. आणि एकसारखे फिरणे चालू राहिले, तर साधारण २० सेकंदांत द्रव नलिकेच्या वेगाला येऊन मिळतो आणि आपण थांबलो आहोत असे वाटू लागते. रॉबर्ट बाराणी यांना याच संस्थेवरील कामासाठी १९१४ चे नोबेल मिळाले आणि त्यांच्या नावाची फिरती खुर्ची आजही वापरतात. डोळे बांधलेल्या माणसाला तिच्यात बसवून एका गतीने फिरवा. प्रथम तो ‘उजवीकडे फिरतोय’ असे बरोबर सांगतो. थोड्या वेळाने ‘थांबलो’ म्हणतो, खुर्ची मात्र फिरतच असते. मग खुर्ची खरोखर थांबवली की तो हात घट्ट धरून ‘आता डावीकडे फिरवताय’ म्हणतो. मी हे विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवले आहे. खरे काय ते आधी सांगून ठेवले तरी खुर्चीतल्या माणसाची खात्री ढळत नाही.

जमिनीवर डोळे ही चूक क्षणोक्षणी दुरुस्त करत असतात. ढगात डोळ्यांचा आधार गेला की ज्ञानेंद्रिय म्हणून उरतो तो हाच चुकणारा कान. शिवाय पुढच्या दिशेने वेग वाढला तर कानातले दुसरे अवयव त्याला नाक वर गेले असे समजतात, कारण मागे दाबले जाणे आणि मागे कलणे यांतला फरक त्यांना कळत नाही. धीर सुटलेला माणूस नाक खाली दाबतो, ते यामुळेच.

वातकुक्कुट

शंखकर्ण, आभार. तुमच्या खुर्चीचे विमानातले रूप मी भोगले आहे. प्रशिक्षणात वरचा अर्धा भाग दुधी केलेला चष्मा घालायला देतात, म्हणजे खिडकीबाहेरचे दिसत नाही, फक्त तबकड्या दिसतात. माझ्या शिक्षकांनी एकदा मला डोळे मिटून मान खाली घालायला सांगितले आणि विमान स्वतःकडे घेतले. अर्ध्या-पाऊण मिनिटाने ते म्हणाले, “डोळे न उघडता तुम्हीच सरळ उडवा.” मी उडवले. अत्यंत सरळ, पंख समतोल, माझी शंभर टक्के खात्री. मग “आता पाहा” म्हणाले. कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या तबकडीवर, विमान डावीकडे ४० अंश कललेले होते आणि उंचीमापकाचा काटा उलटा पळत होता. खरी शरमेची गोष्ट पुढे आहे. तबकडी पाहूनही माझ्या मनात पहिला विचार आला तो तबकडी बिघडली असा.

इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये उपकरण-उड्डाणाचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांवर असाच प्रयोग झाला होता. बाहेरचे दिसेनासे झाल्यापासून ताबा सुटेपर्यंतचा वेळ मोजला. सरासरी १७८ सेकंद आली. सर्वांत कमी २० सेकंद आणि सर्वांत जास्त ४८० सेकंद. विसातले एकोणीस जण आवर्तात गेले, म्हणजे कललेले विमान गोल फिरत खाली जाते आणि वैमानिक ते वर ओढायला सुकाणू मागे खेचतो तेव्हा आवर्त आणखी आवळतो.

दक्षिणायन

सगळे वाचले, पण मला यात एक जुनी पळवाट दिसते. मेलेला वैमानिक उत्तर द्यायला येत नाही, म्हणून प्रत्येक अहवाल ‘वैमानिकाची चूक’ म्हणून बंद होतो. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे एमआय-१७ व्ही-५ पडले आणि त्यात १४ जणांचा मृत्यू झाला. दरीत हवामान अनपेक्षित बदलल्याने हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा प्राथमिक निष्कर्ष आला. ठीक. पण वैमानिकाला त्या ढगापर्यंत कोण नेतो? वेळापत्रक कोणाचे असते? महत्त्वाची व्यक्ती मागे बसलेली असताना ‘परत जाऊ’ म्हणण्याची हिंमत किती जणांत असते? ३० एप्रिल २०११ ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू तवांगहून निघाले आणि सेला खिंडीच्या परिसरात हेलिकॉप्टर नाहीसे झाले. १९ मे २०२४ ला इराणचे राष्ट्राध्यक्ष इब्राहिम रईसी धुक्याने भरलेल्या डोंगरात हेलिकॉप्टर कोसळून मरण पावले, आणि त्यानंतर महिनाही झाला नाही तोच १० जून २०२४ ला मलावीचे उपराष्ट्राध्यक्ष सॉलोस चिलिमा यांचे डॉर्नियर विमान, दृश्यमानतेअभावी उतरता न आल्याने मागे वळलेले असताना, जंगलाच्या डोंगरात पडले. नुसता योगायोग म्हणून हे सोडून द्यावे असे मला वाटत नाही.

वातकुक्कुट

दक्षिणायन, तुमचा रोख मला मान्य आहे, मात्र शेवटचे उदाहरण तुमच्या बाजूने पूर्ण उभे राहत नाही. चिलिमांच्या विमानाने उतरण्याचा हट्ट सोडून परतीची वाट धरली होती. वळण्याचा निर्णय योग्य असूनही उशिराचा किंवा कमी उंचीवरचा असेल तर तोही पुरत नाही.

प्रत्येक अहवाल मात्र वैमानिकावर थांबत नाही. २५ जून २०१५ रोजी अलास्कातील केचिकन भागात पर्यटकांना घेऊन निघालेले डीएचसी-३ ऑटर हे एक इंजिनाचे पाण्यावर उतरणारे विमान डोंगरावर आदळले आणि नऊही जण गेले. प्रवासी पर्यटन-जहाजावरचे होते, म्हणजे ठराविक वेळेला त्यांना जहाजावर परत पोहोचवणे आलेच. एनटीएसबीने वैमानिकाच्या निर्णयाबरोबरच, धोकादायक हवामानात उडण्याला मूक संमती देणारी कंपनीची कार्यसंस्कृती आणि त्या भागातील व्यावसायिक चढाओढ यांवर स्पष्ट बोट ठेवले. इतर वैमानिक जाऊन आले, मग मी कसा नाही म्हणू, हा दबाव कागदावर कुठेच लिहिलेला नसतो.

रोहिणी_क

या दबावाची दुसरी बाजू मी सांगते, कारण मी त्या बाजूला बसले होते. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण डोंगर पाहण्यासाठी लहान हेलिकॉप्टरने निघालो होतो. दहा-बारा मिनिटांनी समोर पांढरा पडदा दिसू लागला, अगदी दाट नव्हे. मधूनमधून पलीकडचे शिखर दिसत होते. वैमानिकाने एकदा वेग कमी केला, थोडे खाली घेतले, आणि मग काही न बोलता हेलिकॉप्टर वळवले. आम्ही सगळे नाराज झालो. “शिखर दिसत तर होते!” असे मी स्वतः म्हणाले, आणि उतरल्यावर आमच्यातल्या एकाने पैसे परत मागून बरीच हुज्जत घातली. वैमानिक शांतपणे एवढेच म्हणाला, “शिखर दिसत होतं मॅडम, पण मधलं काही दिसत नव्हतं.” आज हा धागा वाचताना तो वेग कमी करणे आणि खाली घेणे मला लख्ख आठवले. आम्हाला तेव्हा ती त्याची सावधगिरी वाटली होती.

वातकुक्कुट

रोहिणीताई, तो वैमानिक उत्तम शिकलेला होता. वेग कमी करावासा वाटणे आणि खाली उतरावेसे वाटणे, या दोन्ही खुणा परत फिरण्याच्या मानल्या जातात. दोन्ही कृती त्या क्षणी शहाणपणाच्या वाटतात आणि दोन्ही माणसाला बोगद्यात आणखी आत नेतात. तुमच्या वैमानिकाने त्या केल्या आणि लगेच त्यांचा अर्थ ओळखला.

काटा_आणि_तबकडी

मी विमानांच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या देखभालीचे काम करतो. इतक्या चर्चेत इशारा देणाऱ्या यंत्राचा विषय निघाला नाही याचे आश्चर्य वाटले.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक बोईंग ७२७ ढगाळ वादळी हवेत उतरताना माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळले आणि ९२ जण मरण पावले. डोंगराचे नावच हवामान, यापेक्षा क्रूर योगायोग सुचणार नाही. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांवर जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने आपली कारकीर्द या यंत्रासाठी वेचली. पहिल्या पिढीच्या यंत्राचा मोठा दोष असा, की ते रेडिओ लहरींनी फक्त खालचे अंतर मोजत असे. समोर उभा कडा असेल तर खालची जमीन जवळ आल्याचे कळेपर्यंत वेळ संपलेली असे. नव्वदच्या दशकात बेटमन यांच्या चमूने यंत्रात जगाच्या भूभागाचा नकाशा भरला आणि विमानाच्या स्थानाशी तो जुळवून पुढे पाहणारे यंत्र बनवले. ते आल्यावर मोठ्या विमानांचे अशा प्रकारचे अपघात झपाट्याने कमी झाले.

मग लहान विमानांत तोच परिणाम का दिसत नाही? पहिले उत्तर सक्तीचे. कॅलाबाससच्या हेलिकॉप्टरवर असे यंत्र नव्हते आणि नियमाने ते लागतही नव्हते. दुसरे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. २ ऑक्टोबर २०१६ रोजी अलास्कात टोगियाकजवळ सेस्ना २०८ डोंगरावर आदळून तिघे गेले. त्या विमानात यंत्र होते, चालू स्थितीत होते, आणि त्याचा इशारा बटण दाबून बंद केलेला होता. केचिकनच्या ऑटरमध्येही तेच. २९ मे २०२२ रोजी नेपाळमध्ये पोखराहून जोमसोमला जाणारे ट्विन ऑटर कोसळून २२ जणांचा मृत्यू झाला, तिथेही तपासात हेच निघाले.

याला वैमानिकांचा बेफिकीरपणा म्हणणे सोपे आहे, पण कारण यंत्राच्या आखणीत आहे. या यंत्राची लहान विमानांसाठीची आवृत्ती सपाट उड्डाणात जमिनीपासून ७०० फूट अंतर राहावे असे गृहीत धरते. दृश्य नियमांनी, म्हणजे व्हीएफआरने, दरीतून जाणारे विमान कायदेशीरपणे ५०० फुटांवर असू शकते. म्हणजे स्वच्छ उन्हात, सगळे लख्ख दिसत असताना ते यंत्र सतत ओरडत राहते. रोज चार फेऱ्या मारणारा माणूस दुसऱ्याच दिवशी ते बंद करतो, आणि ज्या दिवशी खरी गरज पडते त्या दिवशी ते कालपासून बंदच असते. आमच्या कार्यशाळेत तपासणीला आलेल्या पेट्यांतही मी पाहिले आहे: सगळ्या बटणांवरची अक्षरे ताजी, इशारा दाबायच्या बटणावरची मात्र बोटाने पुसून गेलेली.

अनभिज्ञ_प्रवासी

ते पुसलेले बटण डोळ्यांपुढून हलत नाही. जोमसोमच्या मार्गावर पूर्वीही अपघात झाला होता ना?

काटा_आणि_तबकडी

हो. २४ फेब्रुवारी २०१६ ला त्याच मार्गावर ट्विन ऑटर आदळून २३ जण गेले. दृश्य नियमांचे उड्डाण असूनही वारंवार ढगात शिरण्याचा निर्णय आणि त्यातून मार्ग सोडून भरकटणे, असे कारण तपासात आले. विमान तर अगदी नवे होते. हा मार्ग कालीगंडकीच्या खोऱ्यातून, एका हाताला ८,१६७ मीटरचे धौलागिरी आणि दुसऱ्या हाताला ८,०९१ मीटरचे अन्नपूर्णा ठेवून जातो. अंतर पंचवीस-तीस मिनिटांचेही नाही, मात्र दुपार जवळ आली की त्या खोऱ्यात जोराचा वारा सुटतो, म्हणून सारी उड्डाणे सकाळी उरकायची असतात. सकाळी ढग आणि दुपारी वारा. निघायची फट तेवढीच उरते, आणि वाट पाहत बसलेले प्रवासी ती आणखी अरुंद करतात.

दक्षिणायन

मग यावर उपाय काय? सगळी दरीतली उड्डाणेच बंद करायची का? जिथे रस्ता नाही तिथे औषध आणि माणसे याच विमानांनी जातात.

वातकुक्कुट

बंद करणे हा उपाय नव्हेच. अलास्कात एक साधी गोष्ट केली, ती मला यंत्रांहूनही आवडते. खिंडींच्या तोंडाशी, धावपट्ट्यांजवळ तिथल्या विमान प्रशासनाने दोनशेहून अधिक ठिकाणी कॅमेरे बसवले. ते दर काही मिनिटांनी छायाचित्र पाठवतात, आणि त्याच्या शेजारी त्याच जागेचे निरभ्र दिवसाचे छायाचित्र ठेवलेले असते, त्यावर हा सुळका इतक्या मैलांवर, ते शिखर तितक्या मैलांवर अशा खुणा असतात. वैमानिक निघण्यापूर्वी दोन चित्रे शेजारी ठेवून पाहतो: खुणेचे शिखर दिसत नाही, म्हणजे खिंड बंद. ‘अंशतः ढगाळ’ या हवामान-वार्तेतून जे कळत नाही ते या दोन चित्रांतून शेंबड्या पोरालाही कळते. पुढे कोलोरॅडोच्या डोंगरातही असे कॅमेरे बसले. मुख्य म्हणजे निर्णय जमिनीवर, चहा पिता पिता होतो. १०० नॉट वेगाने, मागे पाहुणे बसलेले असताना करावा लागत नाही.

शंखकर्ण

एक शेवटची शंका. इतके सगळे करूनही एखादा चुकून ढगात शिरलाच, तर त्या १७८ सेकंदांत त्याने काय करावे?

वातकुक्कुट

बाहेर पाहणे त्याच क्षणी सोडायचे. डोळे कृत्रिम क्षितिजावर आणायचे, पंख समतोल करायचे, शक्ती वाढवून चढायला लागायचे आणि आजूबाजूची सर्वांत सुरक्षित दिशा आधीच ठरलेली असेल तर हलक्या कलाने तिकडे वळायचे. नियंत्रकाशी बोलणे त्यानंतर. कान काय सांगतो आहे तिकडे लक्ष द्यायचे नाही. तुमच्या खुर्चीत बसलेल्याला हे किती अवघड असते ते तुम्ही पाहिलेच आहे.

हलक्या कलाने असे म्हणालो त्याचेही गणित आहे. ढगात वळायचे ते सेकंदाला ३ अंश या बेताने, म्हणजे मागे फिरायला पुरा एक मिनिट. मी तो दुधी चष्मा घालून हे वळण पहिल्यांदा बिनचूक घेतले, उंची ५० फुटांनीही ढळू दिली नाही, तेव्हा स्वतःवर फार खूश होतो. उतरल्यावर शिक्षकांनी काही न बोलता एक लाखास एक प्रमाणाचा नकाशा मेजावर पसरला. १०० नॉट वेगाला या वळणाला सुमारे दोन किलोमीटर रुंदी लागते, नकाशावर दोन सेंटीमीटर. त्यांनी खिशातून साधारण तेवढेच एक नाणे काढले, पुढच्या आठवड्यात मला ज्या खोऱ्यातून जायचे होते त्याच्या तोंडाशी ठेवले आणि बोटाने खिंडीच्या दिशेने सरकवू लागले. एका ठिकाणी नाण्याच्या दोन्ही कडा डोंगराच्या उंचीरेषांना टेकल्या. तिथे त्यांनी पेन्सिलने फुली मारली आणि नकाशा माझ्याकडे सरकवला. फुलीपासून खिंड अजून नऊ किलोमीटर लांब होती.